सालीचाही हिशेब




गेल्या रमजानमधील एक प्रसंग सांगून विषयास आरंभ करतो. आमच्या इमारतीतील कचरा रोज सकाळी एक मावशी घेऊन जातात. फज्रची नमाज आटोपून परतताना एके दिवशी त्या जिन्याखाली गोणी ओढताना दिसल्या. ओझे त्यांच्याने उचलत नव्हते म्हणून मी हात लावला. गोणी पुन्हा टेकवून त्या सहज म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या उपासाच्या महिन्यात गोणी लई जड होते बघा." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. उघड्या तोंडाच्या त्या गोणीत लाल गर अर्धवट राहिलेल्या कलिंगडाच्या फोडी होत्या, पिळून टाकलेली लिंबे होती, नुसती पाने खुडून फेकलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या होत्या. त्यातील काही आमच्याच घरच्या होत्या. मी त्यांना काहीही उत्तर देऊ शकलो नाही.

ज्या महिन्यात पोट रिकामे ठेवून भुकेल्याची वेदना जाणून घ्यायची, त्याच महिन्यात आपल्या घरातून बाहेर पडणारे अन्न वाढावे, हे कशाचे लक्षण आहे? वाचकहो, आज आपण त्या गोणीचा विचार करणार आहोत. भाजीचे देठ, साली, पाला, बिया यांना आपण 'कचरा' म्हणतो. हे नाव त्यांना कोणी दिले? निर्मात्याने दिलेले तर नाही.

अल्लाहने फळ निर्माण केले ते सालीसह, देठासह आणि बीसह. त्यातील एक भाग आमच्या जिभेला आवडला, तो आम्ही 'नेअमत' मानला. उरलेला डब्यात टाकताना आपण काही टाकत आहोत, याची जाणीवही आम्हाला राहिली नाही. दिव्य कुरआनच्या सूरह अत्-तकासुरचा शेवट एका इशाऱ्याने होतो: त्या दिवशी तुम्हाला नेअमतींविषयी अवश्य विचारले जाईल. हा प्रश्न ताटातील घासापाशीच थांबेल, असे समजण्यास कोणताही आधार नाही. जी वस्तू पूर्ण मिळाली, तिचा हिशेबही पूर्णच द्यावा लागेल.

सूरह अल-अअराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा आणि अपव्ययाची मनाई एकाच वेळी आली आहे. अल्लाहला अपव्यय करणारे आवडत नाहीत, असे तेथे स्पष्ट केले आहे. सूरह अल-अन्आमच्या १४१ व्या आयतीत बागा, खजुरी, शेते, जैतून आणि डाळिंब यांचा उल्लेख करून फळ धरल्यावर ते खाण्याची अनुमती दिली आहे, कापणीच्या दिवशी त्यातील हक्क देण्याची आज्ञा दिली आहे आणि लगेच इस्राफपासून रोखले आहे. म्हणजे पिकाबरोबर दोन जबाबदाऱ्या येतात: दुसऱ्याचा हक्क देणे आणि आपला वाटा वाया न घालवणे. पहिलीविषयी आपण जुम्याच्या खुत्ब्यात वारंवार ऐकतो. दुसरी मात्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर रोज दुर्लक्षित राहते.

आता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणाकडे पाहू. हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसनुसार, हातातून घास खाली पडला तर त्याला लागलेली घाण दूर करून तो खावा, सैतानासाठी सोडू नये, असा आदेश आहे. बोटे चाटून, ताट पुसून घेण्याची शिकवणही तेथेच आहे, कारण अन्नाच्या कोणत्या भागात बरकत आहे हे खाणाऱ्याला ठाऊक नसते. या कारणाचा जरा विचार करा. बरकत गरात आहे, देठात आहे की सालीत, हे आम्हाला माहीत नाही. मग न पाहताच एक भाग फेकून देण्याचे धाडस आम्ही कसे करतो?

दुसरी घटना सहीह बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. हजरत मैमूना (रजि.) यांच्या एका मुक्त दासीला सदक्यात मिळालेली बकरी मरण पावली. ती पडलेली पाहून प्रेषितांनी (स.) विचारले, की तिचे कातडे कमावून तुम्ही उपयोगात का आणले नाही? लोक म्हणाले, ती तर मेलेली आहे. तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावले, की निषिद्ध आहे ते केवळ तिचे खाणे. जी वस्तू सर्वांनी टाकाऊ मानली होती, तिच्यातही प्रेषितांना (स.) उपयोगी भाग दिसला आणि तो वाया गेल्याची विचारणा त्यांनी केली. मग आपल्या ओट्यावरील हलाल, ताज्या, स्वच्छ सालीविषयी विचारणा होणार नाही काय?

तिसरी आठवण माझ्या सर्वांत आवडीची आहे. हजरत सहल बिन सअद (रजि.) सांगतात, की मदिन्यात एक वृद्ध स्त्री होती. पाण्याच्या पाटाकाठी लावलेल्या 'सिल्क' नावाच्या भाजीची मुळे ती जुम्याच्या दिवशी उपटून आणी, हंडीत घाली, त्यावर जवाचे थोडे दाणे टाकून शिजवी. त्यात चरबी नसे, मांस नसे. मांसाच्या जागी ती मुळेच असत. सहाबा जुम्याची नमाज आटोपून तिच्याकडे जात, सलाम करीत आणि ती त्यांना हे अन्न वाढी. त्या जेवणामुळे आम्हाला जुम्याच्या दिवसाचा आनंद वाटे, असे हजरत सहल (रजि.) म्हणतात. ही सिल्क बीटच्या जातीची पालेभाजी. तिची पाने खातात. मुळांकडे आज कोण पाहील? पण बुखारी शरीफमध्ये त्या वृद्धेची हंडी कायमची नोंदली गेली. ज्यांच्या पायाशी पुढे मोठमोठी राज्ये आली, त्या लोकांना जुम्याची वाट पाहायला लावणारी मेजवानी मुळांची होती.

येथे एक शंका येईल. इस्लाममध्ये साठवणे पसंत आहे काय? उद्याची चिंता करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही काय? याचे उत्तर सूरह यूसुफमध्ये आहे. हजरत यूसुफ (अलै.) यांनी सात वर्षांच्या सुगीत धान्य कणसातच राखून ठेवण्याचा आणि खाण्यापुरते थोडेच काढण्याचा सल्ला दिला. एका प्रेषिताने अन्न टिकवण्याची रीत शिकवली आणि त्यामुळे पुढील दुष्काळात लोकांचे प्राण वाचले. कुर्बानीच्या मांसाविषयीही असेच आहे. एके वर्षी मदिन्यात गरजू लोक आले, तेव्हा तीन दिवसांपलीकडे मांस ठेवण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली होती. पुढे ते कारण उरले नाही, तेव्हा खा, साठवा आणि सदका करा, अशी परवानगी मिळाली. यावरून मर्यादा स्पष्ट होते. दारात भुकेला उभा असताना साठवणे चूक. वाया जाणारे वाचवण्यासाठी साठवणे योग्य.

हे मार्गदर्शन आपल्या स्वयंपाकघरात कसे आणावे? आपल्या आजी-नानींना हे सांगावे लागत नव्हते. दोडक्याच्या शिरा त्या तीळ-खोबऱ्यासह परतून चटणी करीत. प्रेषितांना (स.) प्रिय असलेल्या दुधीची सालही तशीच चटणीत जाई. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे देठ, भोपळ्याच्या बिया यांतील काहीही बाहेर जात नसे. कोकणातील आपल्या घरांत तर याचे मोठेच उदाहरण आहे. ज्या आमसुलावाचून सार होत नाही, ते आमसूल म्हणजे काय? रातांब्याची साल. तिला त्याच फळाचा रस पुन्हा पुन्हा लावून उन्हात वाळवतात आणि ती वर्षभर टिकते. बीमधून तेल निघते, ते भेगाळलेल्या टाचांना लावतात. फणसाचे गरे संपले की आठळ्या मातीत ठेवून पावसाळ्यात खातात. हे शहाणपण आपलेच आहे. फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर आपण ते जिन्याखालच्या डब्यात टाकले, एवढेच.

आजच्या घरासाठी चार साधे मार्ग सांगतो.

पहिला, यखनीचा डबा. फ्रीजरमध्ये एक झाकणाचा डबा ठेवा. गाजराची टोके, मटारची टरफले, कोथिंबिरीचे देठ, कांद्याची बाहेरची जाड पापुद्री, आल्याची धुतलेली साल त्यात रोज टाकत जा. डबा भरला की पातेल्यात पाणी, चार मिरी व तमालपत्र घालून पाऊण तास मंद आचेवर उकळा आणि गाळून घ्या. पुलाव, खिचडा, शोरबा यांसाठी ही उत्तम यखनी होते. फ्रीजमध्ये ती दोन-तीन दिवसांत संपवावी. कोबी व फ्लॉवरची पाने यात फार घालू नयेत, वास उग्र होतो. कारल्याने यखनी कडू होते आणि बीटने लाल होते.

दुसरा, मीठ. सरबतासाठी पिळलेल्या लिंबांच्या साली फोडी करून, त्यांच्या वजनाच्या पाव पट मीठ लावून, कोरड्या काचेच्या बरणीत दाबून भरा आणि बुडतील इतका लिंबाचा रस वरून घाला. दोन-तीन आठवड्यांत साल मऊ होते आणि लोणच्यात जाते. गाजर, मुळा, फ्लॉवरचे देठ आंबवायचे असतील तर भाजी व पाणी मिळून जितके वजन, त्याच्या दोन ते तीन टक्के मीठ घ्यावे, म्हणजे एका किलोस २० ते ३० ग्रॅम. तुकडे खाऱ्या पाण्याखाली बुडालेले राहावेत.

तिसरा, वाळवण. कढीपत्ता, पुदिन्याचे व मेथीचे कोवळे देठ, धुतलेली संत्र्याची साल सावलीत कडकडीत वाळवून कुटून ठेवा. ओलावा राहिला तर बुरशी येते, म्हणून पान हाताने चुरडले जाईपर्यंत वाळवावे.

चौथा मार्ग त्या भागासाठी, जो खाण्याजोगा नाही. ताजी स्वच्छ साल बकरीला घाला. प्रत्येक सजीवाशी केलेल्या भलाईत पुण्य आहे, हे बुखारी व मुस्लिममधील हदीसवरून आपणास ठाऊक आहे. मात्र पिशवीत गाठ मारून टाकू नका, मुके जनावर पिशवीसह गिळते. बकरी जवळ नसेल तर भोके पाडलेल्या कुंडीत साली आणि वाळलेला पालापाचोळा यांचे थर द्या. दोन-तीन महिन्यांत त्याची माती होते. त्या मातीत लावलेल्या रोपातून पक्ष्याने जरी खाल्ले, तरी लावणाऱ्यास सदक्याचे पुण्य मिळते.

काही सावधानताही आवश्यक आहे. स्वतःला अथवा दुसऱ्याला अपाय होऊ देऊ नये, हा शरीअतचा सर्वमान्य नियम आहे. बटाट्याची हिरवट साल व कोंब फेकून द्यावेत, त्यातील विषारी अंश शिजवूनही जात नाही. दुधी कापल्यावर टोक चाखावे. कडू लागला तर साल आणि गर दोन्ही टाकावेत. बुरशी आलेली वस्तू पूर्णच टाकावी. भाजी सोलण्यापूर्वी वाहत्या पाण्यात चोळून धुवावी. कित्येक भगिनी फळांच्या सालींचा सिरका घरी करतात. सिरका हे उत्तम कालवण असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे, हे खरे, परंतु साली, साखर व पाणी यांचे मिश्रण आंबताना सिरका होण्यापूर्वी त्यात मद्यार्क तयार होतो. आपोआप सिरका झाला तर तो हलाल आहे, यावर एकमत आहे. मात्र मुद्दाम काही घालून रूपांतर करण्याविषयी हनफी व शाफई मतांत फरक आहे. म्हणून आपल्या मसलकच्या आलिमांना विचारूनच हे काम करावे. मिठाच्या लोणच्यात हा प्रश्न येत नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येतो. घरात देठ वाचवू पाहणाऱ्या स्त्रीला बहुधा 'कंजूष' हा शब्द ऐकावा लागतो. सासू साल राखते म्हणून सून हसते, किंवा सून डबा ठेवते म्हणून नवरा नाक मुरडतो. बंधूंनो, कंजूषपणा म्हणजे देण्याच्या वेळी हात आखडणे. फेकण्याच्या वेळी हात आखडणे ही नेअमतीची कदर आहे. सूरह अल-फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांचे एक लक्षण दिले आहे: ते खर्च करताना उधळत नाहीत आणि कृपणताही करीत नाहीत, या दोहोंच्या मधला मार्ग धरतात. ओट्यापाशी उभी राहून तो मार्ग रोज धरणाऱ्या स्त्रीची चेष्टा करू नका. तिच्या हातातील सुरी घ्या आणि दोडका तुम्ही सोला.

मात्र या वाचवण्याला एक अट आहे, आणि ती न पाळल्यास सारे पुण्य हातचे जाईल. वाचवलेले देठ आपल्या ताटासाठी आहेत. उरलेसुरले, सुकलेले, साल-पाला कामवाल्या बाईच्या हाती ठेवून 'सदका केला' असे समाधान मानू नका. सूरह अल-बकराच्या २६७ व्या आयतीत, जी वस्तू तुम्हाला कोणी दिली तर डोळे झाकल्याशिवाय तुम्ही घेणार नाही, ती अल्लाहच्या मार्गात देऊ नका, अशी ताकीद आहे. म्हणून नियम असा ठेवा: देठ आपल्या हंडीत, फळ शेजाऱ्याच्या ताटात. बचतीतून जे दोन पैसे उरतील, ते ज्याचा हक्क आहे त्याच्यापर्यंत पोहोचवा. हजरत अबूजर (रजि.) यांना शोरबा करताना पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवण्याचा उपदेश प्रेषितांनी (स.) केला होता. आपली यखनीही शेजारच्या दारापर्यंत जावी, मात्र ती आपण स्वतः चवीने खातो तशीच चांगली असावी.

आणि आपण जे फेकतो ते कोणाच्या दारात जाते, हेही विसरू नका. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारच्या मैदानात साठत आला आहे. त्याच्या कुशीला गोवंडीचे शिवाजीनगर आणि बैंगनवाडी आहे, जेथे मोठ्या संख्येने आपलेच बांधव राहतात. ढिगाऱ्याखाली दडपलेल्या ओल्या कचऱ्यातून ज्वलनशील वायू तयार होतो आणि लागलेली आग धुमसत राहते. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तेथे लागलेल्या आगीचा धूर शहरावर पसरला आणि परिसरातील शाळांना सुटी द्यावी लागली. आपल्या दिवाणखान्यातून गेलेली साल कोणाच्या तरी लेकराच्या श्वासात शिरते. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे. मग ती वस्तू दुसऱ्याच्या रस्त्यात टाकणे काय असेल, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

आपल्या एका घराने काय होणार, असेही कोणी म्हणेल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. बहुतांश नासाडी तुमच्या-माझ्या ओट्यावर होत असेल, तर सुधारणाही तेथूनच सुरू होईल. शिवाय अल्लाह आपल्याला जगाच्या गोणीविषयी विचारणार नाही. आपल्या गोणीविषयी विचारील.

म्हणून एक छोटा संकल्प सुचवतो. या जुमेरातीच्या रात्री फ्रीजरमधील डबा काढा, यखनी करा आणि जुम्याच्या नमाजनंतर सर्व कुटुंबाने एका दस्तरखानावर बसून तिचा पुलाव खा. मुलांना मदिन्यातील त्या वृद्धेची गोष्ट सांगा. आठ दिवस ओला कचरा वेगळा ठेवून त्याचे वजन करा, पुढील आठ दिवसांचेही करा आणि मुलांनाच ते आकडे वहीत लिहू द्या.

आम्ही हे सुरू केले त्याला काही महिने झाले. अजूनही चुकते, कधी डबा भरून राहतो, कधी आळसाने साल थेट कुंडीत जाते. पण परवा त्या मावशींनी आमच्या मजल्यावरचा डबा एका हाताने उचलला. त्या दिवशी बाजारातून दोन कलिंगडे आणली होती. त्यातील एक, न कापलेले, त्यांच्या घरी गेले.

हे अल्लाह, तू दिलेली नेअमत पूर्ण पाहण्याची दृष्टी आम्हाला दे. आमच्या हातांना उधळपट्टीपासून आणि आमच्या मनाला कृपणतेपासून वाचव. आमच्या हंडीत बरकत दे, आणि हिशेबाच्या दिवशी आमचे ओझे हलके कर. आमीन.